गिरणगावची शाळा आणि गिरणगावचा संसार



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकामाचे नमुने व घरगुती औषधे येत असतात. ती उपयोगाची असतात यात शंका नाही. परंतु यंदा चिटणीसबाईंनी सांगितले की, आपल्या परळ-लालबागचा इतिहास कोणीतरी लिहावा, आणि लिहिणारी बाई याच भागात वाढलेली व नांदलेली असावी. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांची बरोबरी मला करावयाची नाही. तरी माझे माहेर लालबागचे व सासर परळचे, आणि वाचनाची आवड लहानपणापासूनची. तेव्हा वाचलेले, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले व डोळ्यांनी पाहिलेले असे सारे एकत्र करून हा लेख लिहिला आहे. गोड मानून घ्यावा.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. आपल्या भागात शाळा, धंदा आणि शेजार या तीन निरनिराळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. गिरणीच्या पगारावर खानावळ चालली, खानावळीच्या पैशांवर मुले शाळेत गेली, आणि शाळेत शिकलेल्या मुलांनी खानावळीची वही लिहिली व गल्लीतले मंडळही चालविले. यातले एक खचले की बाकीची दोन्ही डळमळतात. गिरण्या गेल्या ते आपण पाहिले. आता शाळेची पाळी आलेली दिसते. म्हणून हा इतिहास आठवणे जरूर आहे.

गिरण्या आल्या, माणसे आली

मुंबईतील पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली आरंभिला व 1856 साली ताडदेव येथे ती चालू झाली. त्याच्या आधी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली होती. पुढे गिरण्या वाढत गेल्या व परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, शिवडी असा सारा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. यालाच गिरणगाव म्हणू लागले.

माणसे आली ती कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आणि दूर उत्तरेकडूनही. पुरुष पुढे आले, बायका-मुले गावी राहिली. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीवाला त्याच वळकटीवर आडवा होई. एका गावचे लोक मिळून खोली घेत. तिला गावकीची खोली म्हणत. गावच्या देवाचा उत्सव, गावच्या शाळेची वर्गणी, कोणाचे आजारपण, कोणाचे मयत, हे सारे त्या खोलीतून होई. आपली आजची मंडळे ही त्या खोलीचीच लेकरे आहेत.

1896 साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत माणसे पटापट दगावली. त्यानंतर 1898 साली इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने चाळी बांधल्या. पुढे 1920 नंतरच्या काळात बी. डी. डी. चाळी उठल्या. नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड मिळून 207 चाळी, आणि एकेक खोली 160 चौरस फुटांची. आपल्यापैकी कितीतरी जणींचे सबंध संसार त्या एका खोलीत झाले. घर एवढे लहान म्हणून गॅलरी, जिना, नळ आणि शाळेचे पटांगण हेही घराचेच भाग झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गिरणीत बायकाही होत्या. रिळाच्या व कांडीच्या खात्यात त्या काम करीत. 1920 च्या सुमारास दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची चळवळ केली तेव्हा 1890 च्या एप्रिलमध्ये भरलेल्या मोठ्या सभेत दोन कामकरी बायकांनीही भाषणे केली होती. त्याच वर्षी 10 जूनपासून रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी मुलांना न्हाऊमाखू घालतो, मासळी रांधतो, तो रविवार असा मागून मिळविलेला आहे.

शाळा कशी आली

मुलींच्या शाळेची सुरुवात आपल्याकडे फार अवघड परिस्थितीत झाली. पुण्यात 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईतही 1849 साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण मंडळींनी मराठी व गुजराती मुलींच्या शाळा काढल्या, आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात त्यासाठी जागा दिली. परंतु ह्या शाळा गिरगावातल्या. गिरणगावातल्या कामगाराच्या मुलीपर्यंत पाटी-पेन्सिल पोचायला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

1920 साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. 1925 साली महापालिकेने सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रथम एफ आणि जी या दोन वॉर्डांत लागू केले. म्हणजे कोठे? तर परळ, लालबाग, शिवडी, वरळी, दादर या बाजूला. आपल्या भागाला नेहमी मागासलेला म्हणतात, पण मुंबईत सक्तीच्या शिक्षणाचा मान प्रथम आपल्याच भागाला मिळाला. ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगितली पाहिजे.

केवळ कायद्याने शाळा भरत नाही. मुलगा शाळेत गेला तर घरात पाणी कोण भरणार, धाकटे कोण सांभाळणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याकरिता समाजातून मदत उभी राहिली. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये व दवाखाने चालविले. दिवसा साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री कंदिलाखाली मुळाक्षरे गिरवू लागला. परळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली व तीतून बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या कामांतही शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहे व वाचनालये ही पहिली होती. बाबासाहेब स्वतः परळच्या ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. एवढ्या थोर माणसाने आपल्यासारख्याच चाळीच्या खोलीत बसून अभ्यास केला, हे ऐकून मुलांना हुरूप येतो असा माझा अनुभव आहे.

महापालिकेच्या शाळांना नावापेक्षा नंबर असे. मराठी शाळा नंबर एक, नंबर दोन. जागा थोडी व मुले फार, म्हणून एकाच इमारतीत सकाळची शाळा व दुपारची शाळा. सकाळचे गिरणीचे भोंगे आणि शाळेची घंटा यांवर साऱ्या चाळीचे घड्याळ चाले. एकाच इमारतीत मराठी, गुजराती, उर्दू, तेलुगू अशा शाळाही असत. मधल्या सुटीत सर्वांना पाण्याचा नळ एकच. त्यामुळे आपल्या मुलांना चार भाषांतले चार शब्द आपोआप येत, व शेजारच्या घरात काय शिजते हेही कळे.

ही शाळा सातवीपर्यंत. पूर्वी सातवीच्या परीक्षेला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत व तेवढ्या शिक्षणावर माणूस मास्तर होई, कारकून होई. याचे मोठे उदाहरण आपल्याच भागातले आहे. कवी नारायण सुर्वे यांना जन्मतःच कोणी रस्त्यावर टाकून दिले होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने व त्यांच्या पत्नीने त्यांना उचलून वाढविले. त्यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केले, आणि पुढे शिकून महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. 1962 साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला व 1998 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या शाळेत घंटा वाजविली तशाच शाळेत हातात खडू घेऊन उभे राहणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! अशा शाळांना कमी लेखताना आपण क्षणभर थांबावे.

खानावळ, बाजार व बायकांचा पैसा

आता धंद्याविषयी. पुरुष एकटे राहत म्हणून खानावळी निघाल्या, व त्या बायकांनी चालविल्या. माझ्या सासूबाईंची खानावळ होती. दोन वेळचे जेवण, तिसऱ्या पाळीवाल्याला डबा, रविवारी मासळी, आणि महिन्यातून दोनदा फिस्ट. पंधरा-वीस गडी जेवायला असले की पहाटे चारला शेगडी पेटे ती रात्री अकराला विझे. पैसे मात्र महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य आणावयाचे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापाशी वाणी, सावकार व खानावळवाली तिघेही उभे असत, आणि सर्वांत मागे खानावळवाली असे, कारण ती बाई माणूस.

सासूबाई अंगठा करीत. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी नणंद, महापालिकेच्या शाळेत तिसरीत गेली तशी तिने वही हाती घेतली. कोण किती दिवस जेवला, कोणाचे किती खाडे, वाण्याचे किती देणे, सारे ती लिही. वाणी पूर्वी महिन्याला चार-पाच रुपये हिशेबात चढवून लावी, ते त्या वहीमुळे बंद झाले. सासूबाई म्हणत, "पोरीची फी कधी भरावी लागली नाही, उलट पोरीनंच शाळेतून पैसे आणले." हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. मोफत शाळा म्हणजे सरकारने केलेला धर्म नव्हे. ती बाजारात ठकविल्या जाणाऱ्या गरिबाची ढाल आहे.

पुढे 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरणी कामगारांच्या संघटनेत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी पाहिले की, संप झाला की कामगार उधारीवर जेवतो व देण्याचा सारा भार खानावळवालीवर पडतो. त्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व खानावळी चालविणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईजवळ गहाण ठेवायला मंगळसूत्रापलीकडे काही नाही तिला बँक पैसे देते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. एकमेकींनी एकमेकींची हमी घ्यावयाची, असा तो प्रकार. प्रेमाताईंना 2002 साली पद्मश्री देण्यात आली.

गिरगावातही असेच एक काम उभे राहिले होते. 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच आजचे लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आपल्या मंडळाची भिशी व दिवाळीच्या फराळाचे काम लहान असले तरी त्याच वाटेवरचे आहे.

लालबागच्या बाजाराचीही हकीकत ऐकण्याजोगी आहे. 1932 साली पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला व कोळीण भगिनी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. जागा मिळाली, आणि 1934 साली त्यांनी तेथे गणपती बसविला. तोच आज साऱ्या देशात गाजलेला लालबागचा राजा. दर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की, त्याच्या मुळाशी मासळी व भाजी विकून पोट भरणाऱ्या माणसांचा प्रश्न आहे. चिंचपोकळीचे मंडळ 1920 चे, गणेश गल्लीचे 1928 चे. या मंडळांचे हिशेब, पावत्या, अर्ज लिहिणारी मुले कोठली? बहुतेक आपल्याच नंबरच्या शाळांतली.

लालबागची मिरची गल्ली व चिवडा गल्लीही अशीच गिरणगावावर वाढली. कोकणात जाणारा चाकरमानी मसाला येथूनच नेई. बायका मिरच्यांची देठे खुडण्याचे, मसाला निवडण्याचे काम घेत. हात जळजळत, पण शाळेच्या वह्या त्यातून येत. शाळा उघडण्याच्या सुमारास वह्या-पुस्तकांचा दुकानदार उधारी देई, आणि आईबाप ती पगाराला चुकती करीत, कारण त्याच दुकानदाराशी वर्षभर गाठ.

1972 च्या सुमारास महागाई भडकली तेव्हा मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल मिळेना म्हणून. आपल्या चाळींतल्या पुष्कळ जणी त्यात होत्या. घरातल्या घरात कुढण्यापेक्षा चौघीजणी मिळून बाहेर पडावे, हा धडा तेथे मिळाला.

संप

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या व सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. मी त्या वेळी दोन वर्षांची. माझे वडील साचे खात्यात होते. संपाचे मला काही आठवत नाही, परंतु संपानंतरचे सारे आठवते. वडील पुन्हा कामावर गेलेच नाहीत. कधी हातगाडी, कधी वॉचमनचे काम. आई मसाल्याच्या पुड्या बांधी. शेजारची तीन बिऱ्हाडे भांडी विकून गावी गेली.

संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. बायका व मुले यांचे काय झाले तेवढे सांगते. गडी गावी गेले, त्यामुळे खानावळी बसल्या. वाण्यांची उधारी बुडाली, त्यामुळे वाण्यांनी उधार देणे बंद केले. मुलगे दुकानांत व हॉटेलांत लागले, मुली धुण्याभांड्याला जाऊ लागल्या. शाळेत एकेक नाव कमी होऊ लागले. आमच्या बाई संध्याकाळी चाळीत येत व आयांना म्हणत, "मुलीला निदान सातवी होऊ द्या." त्या वेळी बाईंचा पगारही फार नसावा, पण त्यांच्या पिशवीत दोन-चार वह्या नेहमी असत.

1993 साली मी सातवी पास झाले. त्या वर्षी जानेवारीत शहरात दंगली व मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, तरी आमची परीक्षा झाली. पुढे मात्र अडले. आमची शाळा सातवीलाच संपत होती. आठवीसाठी एका खाजगी हायस्कूलात आई मला घेऊन गेली. तेथे इमारत निधी म्हणून जी रक्कम सांगितली ती आमच्या घरात कोणी एकत्र पाहिली नव्हती. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने मला देठे खुडायला आपल्या शेजारी बसविले. माझ्यासारख्या किती मुली सातवीच्या उंबरठ्यावर राहिल्या त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. या सभागृहात आपण हात वर केले तर मोजता येईल.

आजची स्थिती

1991 साली गिरण्यांच्या जमिनीविषयी नियम झाला. एक तृतीयांश जागा शहराच्या मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाकडे व एक तृतीयांश मालकाला, असा तो होता. 2001 साली त्यात बदल होऊन वाटणी फक्त मोकळ्या राहिलेल्या जागेची धरण्यात आली, व 2006 साली सर्वोच्च न्यायालयात तोच बदल कायम झाला. त्यामुळे मैदाने व घरे यांच्या वाट्याला फार थोडी जागा आली. धुराडी पडली, टॉवर उठले. 2012 पासून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती निघाल्या. काहींना घरे लागली, पुष्कळ जण वाट पाहत राहिले.

टॉवरमध्ये राहावयास आलेली माणसे वाईट नाहीत. आपल्या मंडळाच्या फराळाची निम्मी गिऱ्हाइके तीच आहेत. परंतु त्यांची मुले बसने दूरच्या शाळेत जातात, त्यांचा बाजार मॉलमध्ये होतो, त्यामुळे आपली व त्यांची मुले एका नळावर पाणी पीत नाहीत. शाळा एक नसली की शेजार फक्त ओळखीपुरता राहतो.

आणि आपल्या गल्लीतली शाळा? पूर्वी एकेका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या होत्या. आज सारी मराठी शाळा एका मजल्यावर मावते. याचा दोष कोणा एकावर ठेवावा असे मला वाटत नाही. आपली माणसे बदलापूर, विरार, दिव्याला राहावयास गेली, तेव्हा मुले कोठून येणार? जी राहिली त्यांना इंग्रजी हवे. त्यात आईबापांचे काय चुकले? ज्या भाषेत नोकरी मिळते असे दिसते तिकडे ते जाणार. महापालिकेनेही ते ओळखून इंग्रजी शाळा काढल्या व अलीकडे मुंबई पब्लिक स्कूल या नावाने केंद्रीय मंडळाच्या शाळाही सुरू केल्या. तेथे प्रवेशाला झुंबड उडते. म्हणजे लोकांना महापालिकेची शाळा नको असे नाही. चांगली शाळा असेल तर महापालिकेचीही चालते. मग मराठी शाळाही तितकीच चांगली करता येणार नाही काय?

आणखी एक सांगते. 2010 सालापासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला व चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत मिळणे हा मुलांचा हक्क झाला. वह्या, पुस्तके, गणवेश, दप्तर, बूट सारे शाळेतून मिळते, दुपारचे जेवणही मिळते. आमच्या वेळी यातले अर्धेही नव्हते. माझी दोन्ही मुले याच शाळेतून शिकली. मुलगी आज परिचारिका आहे, मुलगा वीजतंत्री आहे, व दोघांनाही कामापुरते इंग्रजी येते. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण मंडळात पेढे वाटले. पेढे वाटणे बरेच सोपे. पहिलीच्या वर्गात बसायला मूल असणे ही त्या पेढ्यांची खरी किंमत आहे.

आपल्याला काय करता येईल

मला सुचलेल्या गोष्टी लिहिते. सभेत त्यांचा विचार व्हावा.

पहिली अशी की, जून उजाडण्यापूर्वी शिक्षिका घरोघर मुलांची नोंद करीत फिरतात, त्यांच्याबरोबर मंडळाच्या दोघी-दोघींनी जावे. बाई एकट्या गेल्या तर लोक दार अर्धे उघडतात, शेजारीण बरोबर असली तर चहा होतो व बोलणे होते. फुटपाथवरच्या व बांधकामावरच्या कुटुंबांनाही विचारावे. त्यांची मुले आपल्या मुलांहून वेगळी धरू नयेत. आपलेही आजे-पणजे वळकटी घेऊनच आले होते.

दुसरी, मंडळाची खोली दुपारी दोन ते पाच रिकामी असते. तेथे मुलांचा अभ्यासवर्ग घ्यावा. टॉवरमधल्या ज्या भगिनी उत्तम इंग्रजी जाणतात त्यांना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलवावे. मी त्यांच्यापैकी दोघींशी बोलले आहे, दोघींनीही होकार दिला आहे. मराठी शाळेतल्या मुलाला चांगले इंग्रजी येऊ लागले म्हणजे आईबापांची अर्धी भीती जाईल.

तिसरी, बाजारातल्या दुकानदारांना आपण दरवर्षी उत्सवाची वर्गणी मागतो. त्यातला थोडा भाग शाळेच्या वाचनालयासाठी मागावा. मसालेवाल्यांच्या, चिवडेवाल्यांच्या वडिलांनी याच शाळांत पाढे पाठ केले, त्यांना ते पटेल.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. सातवीला थांबलेल्या आपण कमीत कमी अकराजणी आहोत. सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीच्या परीक्षेला बसता येते. रात्रशाळाही आहेत. यंदा आम्ही चौघींनी अर्ज भरावयाचे ठरविले आहे. गणित अवघड जाईल असे वाटते, पण ज्या बाईने तीस वर्षे रेशन, गॅस, भिशी व फी यांचा मेळ घातला तिने गणिताला घाबरू नये. आणखी कोणी येत असल्यास माझ्याकडे नाव द्यावे. फॉर्म, फोटो व शाळा सोडल्याचा दाखला लागेल. ज्यांचा दाखला हरवला असेल त्यांनी शाळेत जाऊन मागावा. शाळेचे जुने हजेरीपट अजून कपाटात आहेत, व त्यात आपली नावे आहेत. शाळाच राहिली नाही तर ती नावे कोणाकडे मागणार?

गिरण्या वाचविणे आपल्या हाती नव्हते. एक शाळा भरती ठेवणे मात्र पन्नास-साठ बायकांना जमण्यासारखे काम आहे. पुढील बैठकीत हा विषय घ्यावा अशी अध्यक्षाबाईंना नम्र विनंती करते, मंडळाला उदंड आयुष्य चिंतिते आणि लेख पुरा करते.